उन्हाकडचे जांब

शाळेतल्या शिक्षकांच्या नजरेत जयाबाई पहिल्यांदा भरल्या त्या जमिनीपासून सात-आठ फूट उंचीवर. पोषण आहार शिजवायच्या कामावर येऊन त्यांना तेव्हा जेमतेम चार दिवस झाले होते. खिचडीचं पातेलं उतरवून, पदर कमरेला खोचून त्या शाळेमागच्या जांबाच्या झाडावर चढल्या होत्या. पेरूला इकडे जांबच म्हणतात. एका हातानं फांदी धरून दुसऱ्या हातानं त्या एकेक जांब चाचपत होत्या आणि तसाच सोडून देत होत्या.

खाली मुख्याध्यापकांचा जीव वरखाली होत होता.

“बाई, उतरा! हातपाय मोडले तर मला उत्तर द्यावं लागेल.”

“पडत नाई, सर. लहानपण झाडावरच गेलं माह्यं.”

“मग तोडा तरी भराभर!”

“आज कायले तोडाचे? परवा पाणी आलं ना. आज नुसती ईचारपूस कराले चढली.”

एवढं बोलून त्या रिकाम्या हातानं उतरल्या आणि भांडी घासायला बसल्या. झाडाची विचारपूस करायला चढणारी बाई शाळेनं त्याआधी पाहिली नव्हती. शिक्षकांच्या खोलीत त्या दिवशी दुसरा विषयच झाला नाही.

शाळा कळंबच्या रस्त्यापासून तीन किलोमीटर आत, चौथीपर्यंतची. मागच्या आवारात जांबाची अकरा झाडं, कुण्या जुन्या हेडमास्तरांनी लावलेली. त्या झाडांचे जांब मुलांचे, असा गावाचा नियम होता. पण नियम मुलांचा आणि जांब पोपटांचे, असंच बरीच वर्षं चाललं होतं. जयाबाई आल्या आणि पोपटांचे दिवस फिरले.

कुणी सांगितलं नसताना त्यांनी ते काम अंगावर घेतलं. लांब काठीच्या टोकाला जाळी बांधली. बुधवार आणि शनिवार हे वाटपाचे दिवस ठरवले. फळं हौदावर धुवायची, फडक्यानं पुसायची आणि प्रत्येक मुलाच्या हातावर ठेवायची. टोपलीत हात घालू द्यायचा नाही, फेकून तर मुळीच द्यायचं नाही. “जांब हाय तो, चेंडू नाई,” असं त्या म्हणत.

पावसाळ्यात येणारा बहार त्या मुलांना देतच नसत. दिसायला गुबगुबीत, आत पाणी आणि अळ्या. तो पोपटांनी खावा, बकऱ्यांनी खावा. त्यांचे जांब सुरू व्हायचे ते दिवाळी होऊन पहाटेला गोधडी अंगावर ओढावी लागली की. मधेच अवकाळी पाऊस आला तर वाटप बंद. “पाण्यानंतर आठ दिवस झाडाले हात लावाचा नाई,” हा त्यांचा कायदा. का, असं कुणी विचारलं तर त्यांचं उत्तर तयार असे: “पानचट लागते. पोट्ट्यायले काय पाणी पाजाचं हाय? मंग हौद आहेच ना.”

आणि तिसरी गोष्ट दोन टोपल्यांची. तोडणी झाली की जयाबाई ओट्यावर बसून निवड करीत. झाडाच्या आतल्या बाजूचे, पानांच्या सावलीत वाढलेले जांब मोठे, गुळगुळीत, हिरवट पिवळे. ते मुलांच्या टोपलीत. वरच्या आणि दक्षिणेच्या बाजूचे जांब दिवसभर उन्हात तापलेले, बारके, खरबरीत सालीचे, एका गालावर तांबूस करपलेले. ते दुसऱ्या टोपलीत. ही दुसरी टोपली त्यांच्या घरी जाई. लपूनछपून नाही, भरदुपारी, डोक्यावरून, गावाच्या मधोमध. जुन्या मुख्याध्यापकांनीच सांगून ठेवलं होतं, की डागी फळं फेकण्यापेक्षा बाईंनी न्यावीत.

या निवडीमागं एक जुनी गोष्ट होती, ती जयाबाईंनी कुणाला फारशी सांगितलेली नव्हती. त्यांचं माहेर पुसदकडचं. आई एका बागेत तोडणीच्या रोजावर जायची. संध्याकाळी बागवाला चांगली फळं पेट्यांत भरायचा आणि उरलेली डागी फळं बायांच्या ओटीत टाकायचा. लहानग्या जयानं बिनडागी फळ हातात धरलं असेल, पण तोंडाला लावलं नव्हतं. शाळेतल्या मुलांच्या रांगेसमोर टोपली घेऊन उभं राहिल्यावर त्यांच्या मनात एकच असायचं, की या रांगेतल्या एकाही हातावर डाग पडलेलं फळ जाता कामा नये. अठरा वर्षांत गेलं नाही.

डागी जांबांचं घरी काय व्हायचं? त्यांचे यजमान उकंडाभाऊ ते खायचे. बिया काढून, खलबत्त्यात मीठ-मिरची-गूळ घालून कुटलेली कच्ची चटणी त्यांना इतकी आवडायची, की भाकरी निमित्तालाच. उकंडाभाऊ सत्तरीचे, उभे ताठ, आवाज खणखणीत. थंडीत अख्खं गाव नाक ओढत असे तेव्हाही हा माणूस बनियनवर अंगणात दात घासत उभा.

*

जयाबाईंच्या कामाच्या अठराव्या वर्षी, डिसेंबरात, सुरभी गावात आली. याच शाळेची, जयाबाईंची खिचडी खाऊन वाढलेली, आता अकोल्याला अन्नशास्त्र शिकणारी. फळांतल्या पोषणावर हवामानाचा काय परिणाम होतो, हा तिचा अभ्यासाचा विषय होता. ऊन किती, पाऊस कधी, रात्री किती गार, यावर एकाच झाडाच्या फळातलं जीवनसत्त्व कमीजास्त होतं, असं ती सांगायची. महिनाभर शाळेच्या झाडांवरचे जांब मोजायला तिनं ममता मॅडमकडून परवानगी घेतली. ममता मॅडम म्हणजे आताच्या मुख्याध्यापिका. त्यांनी एक अट घातली: “मुलांनाही करून दाखव.”

म्हणून एका गुरुवारी दुपारी ओट्यावर टेबल मांडलं गेलं. मुलं समोर बसली. शाळा समितीचे अध्यक्ष हिरासिंगभाऊ पांढराशुभ्र शर्ट घालून खुर्चीवर. सुरभी त्यांची पुतणी, त्यामुळे त्यांचा चेहरा असा, की प्रयोग तेच करणार आहेत. शेजारी समितीच्या दुसऱ्या सभासद जुबैदाभाभी. त्यांचं शिवणकामाचं दुकान त्या तासाभरासाठी बंद ठेवून आल्या होत्या. प्रयोगाला लागणारी भाताची पेज जयाबाईंनीच गाळून दिली आणि त्या स्वयंपाकघराच्या दारात हात पुसत उभ्या राहिल्या.

सुरभीनं दोन पेल्यांत थोडी थोडी पेज ओतली. एका पेल्यात सावलीच्या मोठ्या जांबाचा चमचाभर रस घातला, दुसऱ्यात उन्हाच्या बाजूच्या बारक्या जांबाचा.

“हे जखमेवर लावायचं आयोडीनचं तांबडं औषध,” तिनं बाटली दाखवली. “पेजेत पडलं की निळं होतं. पण रसात सी जीवनसत्त्व असलं तर ते निळा रंग खाऊन टाकतं. ते संपलं की मगच निळा रंग टिकतो. म्हणजे जितके थेंब जास्त लागतील, तितकं जीवनसत्त्व जास्त. मोजा.”

मुलांनी शाळा दणाणून सोडली. मोठ्या जांबाचा पेला सोळाव्या थेंबाला निळा झाला तो झालाच. मग बारक्याची पाळी. सोळा झाले, वीस झाले, रंग दिसायचा आणि विरून जायचा. पंचवीस. सव्वीस. सत्तावीसला पेला निळा राहिला.

टाळ्या पडल्या. त्या थांबायच्या आत हिरासिंगभाऊंनी खुर्ची पुढं ओढली.

“म्हणजे पोरी, ताकद बारक्यात?”

“हो काका. उन्हाच्या बाजूच्या फळात बहुतेक जास्तच असतं.”

“मंग हे सत्तावीसवाले जांब जाते कोठी?”

त्यांनी सहज विचारलं होतं. पण सत्तर मुलं थेंब मोजून मोजून तयारीत बसलेली. सगळ्यांनी एका सुरात उत्तर दिलं:

“जयाआजीच्या घरी!”

जयाबाईंचा हात पदरावर होता तिथंच थांबला. सुरभी बाटलीचं झाकण लावायला विसरली. हिरासिंगभाऊंनी मात्र आवाज चढवला.

“अठरा वर्षं! आमच्या पोट्ट्यायले सोळा अन् उकंडाभाऊले सत्तावीस! तरीच मी म्हणतो, या माणसाले सर्दी कशी होत नाई!”

मोठे हसले, म्हणून मुलंही हसली. जयाबाई आत गेल्या आणि त्या दिवशी स्वच्छ असलेलं पातेलं त्यांनी पुन्हा एकदा घासलं.

संध्याकाळपर्यंत गावात उकंडाभाऊंचं नाव सत्तावीस पडलं. चक्कीवर, पारावर, एसटीच्या थांब्यावर. “या सत्तावीस, बसा.” उकंडाभाऊंना त्यात काहीच वावगं वाटेना. उलट चाल आणखी ताठ झाली.

“लोक कौतुक करून राह्यले, जया,” ते घरी येऊन म्हणाले.

“कौतुक नाई ते. चोर म्हणून राह्यले मले.”

“कोणं म्हटलं?”

“कोणं नाई म्हटलं? चक्कीवर ते बाई मले म्हणे, दळण मोजून घ्या, सत्तावीस भरते का.”

उकंडाभाऊंनी ताटातल्या चटणीकडं पाहिलं, बोट लावलं, आणि चाखावं की नाही याचा विचार करत थोडा वेळ बोट तसंच धरून बसले.

जयाबाईंना चोर म्हटल्याचं लागलं होतंच. पण जास्त लागलं होतं ते दुसरंच. अठरा वर्षांत किती मुलं त्यांच्यासमोरून गेली, आणि प्रत्येकाच्या हातावर त्यांनी आवर्जून, निवडून, पुसून, कमी ताकदीचं फळ ठेवलं होतं.

*

स्वयंपाकाच्या कामाचा करार समिती दर वर्षी नव्यानं करते. त्या वर्षीची सभा नेमकी दोन दिवसांनी, शनिवारी होती. एरवी हा विषय चहा येण्याआधी संपायचा. या वेळी जयाबाईंना सभेत बोलावणं आलं. उकंडाभाऊंना नव्हतं, तरी तेही आले, दारातून सगळ्यांना जयभीम घातला आणि मागच्या बाकावर बसले. बाक चौथीच्या मुलांचा असल्यानं त्यांचे गुडघे छातीपर्यंत आले.

“जयाबाई,” हिरासिंगभाऊ म्हणाले, “तुमच्याबद्दल आकस नाई. पण लोक ईचारून राह्यले. तुम्हीच सांगा.”

“सांगाचं काय? नेले. अठरा वर्सं नेले, साऱ्या गावाच्या डोयादेखत नेले. माह्या हिशेबानं ते खराब होते. मले ठाव असतं त पोरायलेच देल्ले असते.”

“अन् खाल्ले कोणं?”

जयाबाईंनी मागं न पाहता अंगठा मागं केला. उकंडाभाऊ उठायचा प्रयत्न करू लागले, बाकासकट उठले.

“मी खाल्ले! मले पाह्यजे त दवाखान्यात न्या. माह्यं रक्त काढा अन् थेंब मोजा. निघन तेवढं वापस घ्या!”

जुबैदाभाभींना हसू आवरेना. पदर तोंडाला लावून त्या हसल्या आणि मग गंभीर होऊन म्हणाल्या, “अध्यक्षसाहेब, एक बात सांगू? जयाबाईनं माझ्या साजिदला ते डागवाले जांब दिले असते ना, तर मीच पहिली भांडायला आले असते. आप भी आते. तेव्हा कोणाला माहीत होतं?”

“आता माहीत झालं ना,” हिरासिंगभाऊ म्हणाले. “म्हणून जांबाचं काम आता समिती पाहील. कराराचं महिनाभरानं ठरवू. तोवर जयाबाईंनी खिचडी सांभाळावी.”

ममता मॅडमनी काही बोलण्याचा प्रयत्न केला, पण सह्या होऊ लागल्या होत्या. जयाबाई बाहेर गेल्या, जाळीची काठी घेऊन आल्या आणि ती टेबलाला टेकवून ठेवली. जाताना एवढंच म्हणाल्या, “जाळी उजव्या अंगानं फाटेल हाय. तिकून जांब पडते.”

*

पहिल्या आठवड्यात समितीला वेळ झाला नाही. तोडायला चढायचं कोणी यावरच घोळ झाला. दुसऱ्या आठवड्यात रविवारी आभाळ आलं आणि सोमवारी, मंगळवारी अवकाळी पाऊस झाला. तुरीवाले हळहळले. बुधवारी सकाळी ढग होतेच, पण हिरासिंगभाऊ समितीतल्या लखीरामला घेऊन हजर झाले. बुधवार म्हणजे वाटप. समिती कामाची पक्की आहे हे गावाला दिसायला हवं होतं.

जयाबाई चुलीपुढून उठून दारात आल्या. बोलू की नको, असं त्यांचं क्षणभर झालं. मग बोलल्याच.

“हिरासिंगभाऊ, आठ दिवस थांबा. झाड पाणी पेलं हाय.”

“बाई, आता आम्ही विज्ञानानं चाललो. उन्हाकडचे तोडायचे, बस.”

लखीराम काठी चालवायचा, हिरासिंगभाऊ खाली उभं राहून “तो नाई, तो त्याच्यावरचा” असं सांगायचे. फाटक्या बाजूनं चार-पाच जांब लखीरामच्या डोक्यावर पडले. शेवटी टोपली भरली आणि मुलांची रांग लागली.

तिसरीतल्या साजिदनं हातावरच्या जांबाकडं पाहिलं. एवढासा, खरबरीत, एका गालावर करपलेला. त्यानं तो उलटा करून पाहिला. दुसरीकडून बरा दिसतो का बघत असावा. मग एक घास घेतला आणि तोंड असं केलं, जसं ओलं फडकं चावलंय.

“चव कुठं आहे याच्यात?”

“खा. ताकद हाय त्याच्यात,” हिरासिंगभाऊ म्हणाले. “सत्तावीस हाय.”

पण मागच्या मुलांनीही चावून पाहिलं होतं. एक जांब हौदामागं गेला. दुसरा भिंतीपलीकडं. पाच मिनिटांत आवारभर एकेक घास घेतलेले जांब लोळू लागले, आणि अठरा वर्षांत पहिल्यांदाच त्या शाळेत कुणीतरी जांबाचा चेंडू केला. तो घरंगळत अध्यक्षांच्या मोटरसायकलखाली जाऊन थांबला.

“मोजून दाखवा ना सत्तावीस!” चौथीतल्या एका मुलीनं ओरडून सांगितलं. ते बाकीच्यांनी उचललं. “मोजून दाखवा! मोजून दाखवा!”

सुरभी त्या दिवशी फळं न्यायला आलीच होती. तिनं टेबल मांडलं, पेज मागितली. जयाबाईंनी पेज दिली आणि पुन्हा दारात जाऊन उभ्या राहिल्या. मुलं मोजू लागली. दहा. बारा. चौदा. पंधराव्या थेंबाला पेला निळा झाला आणि निळाच राहिला.

“औषध तेज झालं असन,” हिरासिंगभाऊ म्हणाले.

“बाटली तीच आहे, काका.”

“मंग रस कमी पडला.”

“चमचाही तोच आहे.” सुरभीनं पुन्हा केलं. पुन्हा पंधरा. सावलीतल्या जांबाचे मागच्या वेळी सोळा आले होते. मुलांना वजाबाकी येत होती. कुणीतरी मोठ्यानं करून दाखवली.

ममता मॅडमनी दाराकडं पाहिलं. “जयाबाई, तुम्ही आठ दिवस थांबा म्हणत होता. का?”

“मले त्या सी-बीतलं समजत नाई, मॅडम. पाण्यानंतर जांब फुगते अन् जिभेले पानचट लागते. तीन-चार दिवस ऊन लागलं, रातच्यानं गार पडलं, का पुन्हा भरून येते. म्हणून मी थांबतो. माह्या मायनं सांगलं नाई न काई. बागेत राहून कयलं.”

“बरोबर आहे आजींचं,” सुरभी म्हणाली. “मुळं पाणी ओढतात, फळातलं सगळं पातळ होतं. वरून ढग, ऊन नाही, तर नवीन तयार होणारही कमीच. पावसाळ्यातल्या जांबापेक्षा थंडीतल्या जांबात जास्त सी असतं, हे तर पुष्कळांनी मोजलेलं आहे. आणि आजी पावसाळ्यातला देतच नव्हत्या.” मग ती अभ्यासाची मुलगी असल्यानं घाईनं पुढं म्हणाली, “आठच दिवस का, ते मात्र मला अजून सांगता येणार नाही. मी दोनदाच मोजलंय.”

हिरासिंगभाऊंनी खिशातून रुमाल काढला, कपाळ पुसलं आणि विचारलं, “म्हणजे हे बाई बरोबर होते का चूक होते, ते एक सांग.”

“वेळ बरोबर, काका. झाडाची बाजू चूक.”

जयाबाईंना हे ऐकून बरं वाटलं. निम्मं चुकलं असं कुणी स्पष्ट सांगितलं, की उरलेलं निम्मं आपलं राहतं. त्या सुरभीजवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, “मंग उन्हाकडच्यात खरंच जास्त असते, पोरी?”

“खरंच, आजी.”

“लहानपणी मले तेच भेटे. रोज ओटीभर.” मग त्या एकदम हसल्या. “त्या बागवाल्याले सांगाव लागते आता. बिचारा पेटीत पाणी भरून ईकत होता!”

*

पुढं आठ दिवस हवा कोरडी राहिली. ऊन लख्ख, आणि पहाटे इतकी थंडी की मुलं शाळेत आल्यावर आधी चुलीपाशी जायची. जांबांचं काय करायचं हे कुणी बोलत नव्हतं. समितीची काठी समितीच्या खुर्चीमागं पडून होती.

आठ दिवस सरले आणि सुरभीनं मोजायला तोडलेल्यांतले थोडे जांब मॅडमनी मुलांना देऊन पाहिले, तेव्हा खरी अडचण दिसली. डागी जांबात ताकद आहे हे मुलांना पटलं होतं, पण खायला कुणी तयार नव्हतं. ममता मॅडमनी समजावलं, रागावलं, स्वतः खाऊन दाखवला. मुलांनी शांतपणे पाहिलं आणि मोठा जांब मागितला. जयाबाईंनी दोन दिवस हा तमाशा पाहिला. तिसऱ्या दिवशी त्या सुरभीला म्हणाल्या, “कुटला त ताकद जाते काय?”

“शिजवली तर जाते. कच्चीच कुटली आणि लगेच खाल्ली तर बरीचशी राहते.”

शनिवारी जयाबाई घरून खलबत्ता घेऊन आल्या. त्यांनी ममता मॅडमना विचारलं, मॅडमनी हिरासिंगभाऊंना फोन केला, आणि भाऊ म्हणाले, “करा काय कराचं ते, पण मी येतो.” ते आले. काठी घेऊन जयाबाईंनी स्वतः तोडणी केली. उन्हाकडचे बारके जांब धुतले, बिया काढल्या, थोडी हिरवी मिरची, मीठ, गुळाचा खडा, कोथिंबीर. अर्ध्या तासात शाळाभर वास सुटला. खिचडीच्या कडेला प्रत्येकाला चमचाभर चटणी पडली.

साजिदनं बोटानं चाखली. मग खिचडीत कालवली. मग ताट पुढं केलं.

“अजून.”

“आधी सांग, पोटात काय गेलं?” जयाबाईंनी विचारलं.

“चटणी.”

“कायची?”

“ती... डागीवाली.” तो जरा ओशाळला, पण ताट मागं घेतलं नाही.

हिरासिंगभाऊंना राहवेना. त्यांनी सुरभीला बाटली काढून उरलेल्या उन्हाकडच्या जांबाचा रस तपासायला लावला आणि या वेळी थेंब स्वतः मोजले, एकेक बोट मिटत. अठ्ठावीस झाले तेव्हा त्यांनी घसा खाकरला. एकोणतीसला पेला निळा झाला.

“समितीनं ठरवल्याप्रमाणं,” ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “उन्हाकडचे जांब पोरांनाच मिळाले. काम चोख झालं.”

“समितीनं ठरवल्याप्रमाणं,” जुबैदाभाभी म्हणाल्या. त्या लेकाचं काय चाललंय बघायला दुकान तसंच टाकून आल्या होत्या. “चटणी भी समिती ने कूटी क्या? हात दिखाओ, मिरची लगी है क्या.”

हिरासिंगभाऊंनी हात दाखवले नाहीत. पण हसले, आणि हसताना त्यांच्या पांढऱ्या शर्टावर चटणीचा एक थेंब दिसत होता, म्हणजे आत जाऊन चाखून झाली होती. मग ते जयाबाईंकडं वळले. मुलांसमोर तोंडातून गेलेली गोष्ट मुलांसमोरच मिटवावी, एवढी रीत त्यांना होती.

“त्या दिवशी मी हसलो, बाई. तसं बोलाले नव्हतं पाह्यजे.”

“जाऊ द्या, भाऊ. पोट्टे भी हसले. हसाचंच होतं ते.” जयाबाईंनी खलबत्ता उचलला. “पण चक्कीवरच्या बाईले तुम्ही सांगजा. मी सांगलं त ते पटाचं नाई.”

तेवढ्यात खिडकीतून एक वाटी आत आली. वाटीमागं उकंडाभाऊ होते.

“मंग माह्यं काय?”

“तुमचं अठरा वर्सांचं झालं एकदम,” जयाबाई म्हणाल्या. “आता सोळावाले खा.”

मुलं पुन्हा हसली. या वेळी जयाबाईही हसत होत्या, आणि वाटी तशीच परत गेली की नाही हे मात्र कुणी नीट पाहिलं नाही. गावात म्हणतात, की त्या वर्षी संक्रांतीच्या सुमाराला उकंडाभाऊ एकदा शिंकले, आणि त्याची बातमी पारावर पोहोचायला दहा मिनिटंही लागली नाहीत. ते स्वतः सांगतात, की ती शिंक मिरचीची होती.

महिन्याच्या शेवटी करार झाला. सभेत तो विषय चहाआधीच संपला. मोठे सावलीतले जांबही वाया जात नाहीत. ते बुधवारी वाटले जातात आणि चटणी शनिवारी होते. सुरभीचा अभ्यास पूर्ण झाला, आणि तिनं मागितलं म्हणून ममता मॅडम आता पावसाच्या तारखा फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवतात.

जयाबाई आता एकोणसाठ वर्षांच्या आहेत. झाडावर चढणं त्यांनी गेल्या वर्षी सोडलं, काठीनंच तोडतात. त्या सकाळी साडेआठला शाळेत येतात, आणि सध्या रोज त्रेसष्ट मुलांची खिचडी करतात.